वकिलाविरुद्धच्या शिस्तभंग चौकशीत साक्ष देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण किती?

नौपाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका वयस्कर भगिनींनी आपल्या वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे. पतीच्या अपघाती मृत्यूबद्दल मंजूर झालेल्या नुकसानभरपाईतील मोठी रक्कम वकिलांनी खर्चाच्या नावाखाली काढून घेतली आणि वारंवार मागूनही हिशेब दिला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना वाचता येत नसल्यामुळे बँकेत मी सोबत गेलो होतो. पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर त्यांची सही आधीच घेतलेली होती, आकडा वकिलांच्या कारकुनाने काउंटरवर उभे राहून भरला आणि रोख रक्कम बँकेबाहेरच्या पायरीवर पावतीशिवाय त्याच्या हाती गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

तक्रार शिस्तपालन समितीकडे सोपवली गेली असून साक्षीदारांच्या यादीत माझे नाव आहे. गेल्या आठवड्यात त्या वकिलांची नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. मी साक्ष दिली, तर अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार अशा दोन्ही कारवाया करू, असे तिच्यात लिहिले आहे. मुलगा म्हणतो की या वयात कोर्टकचेरी अंगावर घेऊ नका. मला मात्र मागे हटण्याची इच्छा नाही. ज्याला या चौकशीत काही मिळवायचे नाही, अशा साक्षीदाराच्या पाठीशी कायदा नेमका कोठपर्यंत उभा राहतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिलिंद_कळवा

काका, नोटीस पाकिटासकट जपून ठेवा. त्यावरील टपालाची तारीख पुढे उपयोगी पडेल.

शर्वरी_बेलापूर

मी बेलापूरच्या न्यायालयात वकिली करते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी दिसतो.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली ही चौकशी चालते आणि ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे होते. कलम ४२ ने या समितीला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत. साक्षीदाराला समन्स काढणे, शपथेवर तपासणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, शपथपत्रावर पुरावा घेणे आणि साक्षीसाठी कमिशन (साक्षीदाराकडे जाऊन साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमणे हे सर्व तिला करता येते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार समितीपुढील कामकाज भारतीय दंड संहितेच्या कलम १९३ आणि २२८ पुरते न्यायिक कामकाज मानले जाते. आता त्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे २२९ आणि २६७ आली आहेत. याचा अर्थ असा की, आपण खोटी साक्ष दिली तर शिक्षा आहे आणि समितीचा अपमान कोणी केला तर त्यालाही शिक्षा आहे.

साक्षीदाराच्या संरक्षणाविषयी मात्र या अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. कलम ४८ पाहा. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल बार कौन्सिल, तिच्या समित्या आणि त्यांचे सदस्य यांच्याविरुद्ध दावा किंवा कोणतीही कायदेशीर कारवाई चालणार नाही, असे ते सांगते. निकाल देणाऱ्यांना कवच आहे. ज्याच्या शब्दावर तो निकाल उभा राहतो, त्याचा उल्लेख त्या कलमात नाही. ही उणीव १९६१ पासून तशीच आहे आणि माझ्या मते ती अतिशय गंभीर आहे.

खारघरकर_मंदार

मग २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना कशासाठी आहे? महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली, असे वाचल्याचे आठवते. काकांनी जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करावा.

पारसिक_हिल

मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून या योजनेविषयी थोडे सविस्तर लिहितो.

५ डिसेंबर २०१८ च्या त्या निकालाने केंद्राची योजना संसद किंवा राज्ये कायदा करीपर्यंत कायद्याप्रमाणे लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, पोलीस प्रमुख तिचे सदस्य असतात आणि धोक्याचे मूल्यमापन करणारा अहवाल पोलिसांकडून मागवला जातो. धोक्याचे तीन वर्ग केले आहेत. जिवाला धोका हा पहिला. सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला धोका हा दुसरा. आणि त्रास किंवा धाकदपटशा हा तिसरा. वाचताना वाटते की नौपाडेकरांचे प्रकरण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गात सहज बसेल.

अडचण त्याआधीच येते. योजनेतील 'गुन्हा' या संज्ञेत मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे आणि स्त्रियांच्या विनयभंगासारखी काही ठरावीक कलमे येतात. व्यावसायिक गैरवर्तन हा गुन्हाच नव्हे. तो शिस्तीचा विषय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने राज्यांवर साक्षीदार संरक्षण योजना अधिसूचित करण्याची जबाबदारी टाकली आहे, पण तो कायदाही फौजदारी प्रक्रियेचा आहे. त्यामुळे केवळ बार कौन्सिलपुढील साक्षीच्या आधारावर केलेला अर्ज उंबरठ्यावरच अडकेल. याच व्यवहारावरून फसवणुकीचा किंवा विश्वासघाताचा गुन्हा नोंदला गेला आणि लागू झालेल्या कलमाची शिक्षा त्या मर्यादेत बसली, तरच मार्ग मोकळा होतो.

वसुधा_घंटाळी

मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशा चौकशीत तक्रारदार होते, म्हणून अनुभव सांगते. माझ्या बाजूने दोन साक्षीदार होते. पहिल्या तारखेला आम्ही तिघेही सकाळच्या जलद लोकलने फोर्टला गेलो. बाकावर आमच्या शेजारीच प्रतिवादी वकील आणि त्यांचे सहा-सात व्यवसायबंधू बसले होते. कोणी धमकी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. ते आपसात मोठ्याने एवढेच बोलत राहिले की अमुक साक्षीदाराच्या गाळ्याचा वाद सध्या कोणत्या न्यायालयात आहे आणि त्याचा भाऊ कोठे नोकरीला आहे. त्या दिवशी कामकाज पुढे ढकलले गेले. पुढच्या तारखेला तो साक्षीदार आला नाही आणि मीही त्याला पुन्हा बोलावले नाही.

नौपाडेकर काका, कायद्याच्या पुस्तकात धमकीची व्याख्या आहे, पण त्या बाकावर जे घडले ते कोणत्या कलमात बसवायचे हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. साक्षीदारांना बसण्यासाठी वेगळी खोली मिळाली असती, तर माझे प्रकरण कदाचित वेगळ्या वळणाने गेले असते.

खारघरकर_मंदार

वसुधाताई, हे वाचून फार वाईट वाटले. म्हणूनच माझे ठाम मत आहे की, अशा चौकशीत साक्षीदाराचे नाव प्रतिवादी वकिलाला कळताच कामा नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ ने साक्षीदारांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. तेच येथे का नको?

शर्वरी_बेलापूर

मंदार, कलम १६ मधील मनाई जनतेत आणि प्रसारमाध्यमांत प्रसिद्धी करण्याबाबत आहे. चौकशीतील प्रतिवादीपासून साक्षीदाराचे नाव कायम दडवून ठेवण्याची मुभा ते कलम देत नाही.

सनद रद्द होणे म्हणजे माणसाची उपजीविका जाणे होय. पुण्यातील वकिलांच्या एका गटाने आपल्याच दोन व्यवसायबंधूंविरुद्ध केलेल्या तक्रारीत, म्हणजे पांडुरंग दत्तात्रय खांडेकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले की अशा कामकाजात दिवाणी दाव्यापेक्षा वरच्या दर्जाचा, पण फौजदारी खटल्यातील दोषसिद्धीइतका नसलेला, खात्री पटवणारा पुरावा लागतो. आरोप सिद्ध करण्याची कसोटी इतकी कडक असेल, तर आपल्याविरुद्ध बोलणारा माणूस कोण आहे हे जाणण्याचा आणि त्याची उलटतपासणी घेण्याचा अधिकार काढून घेता येणार नाही. निनावी साक्षीवर दिलेला निकाल अपिलात टिकणार नाही आणि त्यात त्या वृद्ध भगिनींचेच नुकसान होईल.

शिवाय खोट्या तक्रारीही होतात, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील वकिलांविरुद्धच्या दोन तक्रारी निरर्थक ठरवल्या आणि आपल्या बार कौन्सिललाही ५०,००० रुपयांचा खर्च भरायला लावला. तक्रारदार आणि वकील यांच्यात सामान्यतः व्यावसायिक संबंध असावा लागतो आणि चौकशीकडे प्रकरण सोपवताना कारणे द्यावी लागतात, असे त्या निकालात म्हटले आहे. काकांच्या शेजारीणबाई स्वतः अशील असल्यामुळे त्यांना ही अडचण नाही, आणि साक्षीदाराला तर असा संबंध दाखवण्याची गरजच नाही.

खारघरकर_मंदार

उलटतपासणीचा मुद्दा मला मान्य आहे. पण पत्ता, मुलाबाळांची माहिती, नोकरीचे ठिकाण एवढे तरी कागदावरून वगळता येईल ना? साक्षीदार कोठे राहतो हे कळल्याशिवाय उलटतपासणी अडत नाही.

शर्वरी_बेलापूर

हो, हे मागणे योग्य आहे आणि समितीकडे तसा अर्ज करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

कोपरी_ते_न्यूजर्सी

मूळचा ठाणे पूर्वेचा, सध्या अमेरिकेत आहे. येथे हा प्रश्न फार पूर्वी हाताळला गेला आहे. वकिलांवरील शिस्तभंग कारवाईसाठी अमेरिकन बार असोसिएशनने जे आदर्श नियम तयार केले आहेत, त्यांतील बारावा नियम सांगतो की, वकिलाच्या गैरवर्तनाविषयी शिस्तपालन यंत्रणेला कळवलेली माहिती आणि चौकशीत दिलेली साक्ष यांना पूर्ण विशेषाधिकार आहे. त्यांच्या आधारे तक्रारदारावर किंवा साक्षीदारावर दावाच लावता येत नाही. त्याच नियमाच्या दुसऱ्या भागात, साक्षीदार स्वतः गुन्ह्यात अडकण्याच्या भीतीने गप्प राहत असेल तर योग्य त्या प्रकरणी न्यायालय त्याला खटल्यापासून मुक्तता देऊ शकते, अशीही तरतूद आहे. प्रत्येक राज्य आपापले नियम करते, त्यामुळे सगळीकडे शब्द सारखे नाहीत.

पूर्ण विशेषाधिकाराचा फायदा असा की, नौपाडेकर काकांना आली तशी नोटीस पाठवण्यातला दमच निघून जातो. सद्भावना सिद्ध करत बसण्याची वेळ साक्षीदारावर येत नाही.

पारसिक_हिल

इंग्लंडमधील एक निकाल येथे आठवतो. १९६२ च्या लिंकन विरुद्ध डॅनियल्स प्रकरणात बॅरिस्टरविरुद्धच्या तक्रारीचा प्रश्न होता. इन्स ऑफ कोर्ट या बॅरिस्टरांच्या संस्थांच्या ज्येष्ठ सदस्यांपुढील चौकशीला न्यायालयाने पूर्ण विशेषाधिकार दिला, पण तिकडच्या बार कौन्सिलला आधी पाठवलेल्या पत्रांना तो नाकारला, कारण ती पत्रे म्हणजे चौकशीची सुरुवात नव्हती. भीती नेमकी याच टप्प्यावर जन्माला येते. शपथेवर बोलताना माणूस सुरक्षित असतो आणि त्याच गोष्टी आधी पत्रात लिहिताना असुरक्षित असतो. आपल्याकडे कायदा करायचाच असेल, तर पहिल्या लेखी तक्रारीपासून संरक्षण सुरू झाले पाहिजे.

कनिष्ठ_वकील

नाव न सांगता लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

या धाग्यात अशील आणि शेजारी यांच्याविषयी चर्चा झाली. परंतु बहुतेक गैरव्यवहारांचे खरे साक्षीदार वकिलाच्या कार्यालयातच बसलेले असतात: कनिष्ठ वकील, टंकलेखक, कारकून. कोऱ्या कागदावर सह्या कोणत्या कपाटात ठेवल्या जातात, तडजोडीचा मसुदा अशिलाला न दाखवता कसा दाखल होतो, हे आम्हालाच माहीत असते. आमच्यावर दोन बंधने आहेत. एक म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३२, पूर्वीचे १२६ आणि १२७, ज्यामुळे अशिलाचे गुपित वकिलाला तसेच त्याच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्यांनाही उघड करता येत नाही. दुसरे बंधन कोठेही लिहिलेले नाही. जिल्हा न्यायालयातील बार रूममध्ये ज्याने ज्येष्ठाविरुद्ध तोंड उघडले, त्याला कोणी काम देत नाही, तारखेला कोणी उभे राहत नाही, तो गेला की टेबलावरची चर्चा थांबते. मी आणखी काही लिहिणार नाही.

शर्वरी_बेलापूर

कनिष्ठ मित्रा, पहिल्या बंधनाबाबत तुझी भीती काहीशी कमी करता येईल. गोपनीयता अशिलाच्या हितासाठी असते, वकिलाच्या बचावासाठी नव्हे. अशिलाने संमती दिली की ती अडसर ठरत नाही. तसेच बेकायदेशीर हेतूसाठी झालेला संवाद आणि काम हाती घेतल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा फसवणूक दाखवणारी, स्वतः पाहिलेली वस्तुस्थिती यांना ते कलम संरक्षण देत नाही.

दुसऱ्या बंधनाबद्दल एक निकाल ध्यानात ठेव. कोइम्बतूरच्या वकील संघाने काही पोलिसांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केला होता, तेव्हा ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव पूर्णपणे रद्दबातल ठरवले. उघड बहिष्काराला उत्तर आहे. मूक बहिष्काराला नाही, हे मला मान्य करावे लागते, आणि याचा सर्वात मोठा फटका तरुण वकील मुलींना बसतो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर संबंध नसल्याने महिला वकिलांच्या तक्रारींसाठी बार कौन्सिलवर २०१३ च्या कायद्याखालील समिती नेमण्याचे बंधन नाही. त्यांच्यासाठी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ चा मार्ग खुला आहे. म्हणजे ज्या कलमाखालच्या चौकशीत साक्षीदाराला विशेष संरक्षण नाही, तिकडेच या मुलींना पाठवले गेले. कलम १६ सारखी ओळख गुप्त राखण्याची तरतूदही त्यांना तेथे मिळत नाही. हे मला अजिबात पटत नाही.

मिलिंद_कळवा

बीएमडब्ल्यू खटल्यात साक्षीदाराला फोडण्याच्या प्रयत्नाबद्दल एका नामांकित वकिलांवर कारवाई झाली होती. तो आधार येथे चालणार नाही का?

पारसिक_हिल

आर. के. आनंद प्रकरण, २००९. त्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दलची त्यांची दोषसिद्धी कायम ठेवली. मात्र तेथे साक्षीदार चालू फौजदारी खटल्यातील होता. न्यायालयातील खटल्याला मिळणारे ते संरक्षण शिस्तपालन समितीपुढील साक्षीला तसेच्या तसे लावता येईल, असे मी म्हणणार नाही. तरीही साक्षीदारावर दबाव आणणे हे वकिलाचे स्वतंत्र गैरवर्तन आहे, एवढे त्यातून निश्चित घेता येते. नौपाडेकरांना आलेली नोटीस समितीपुढे ठेवली, तर तिचा विचार त्या दृष्टीनेही होऊ शकतो.

वसुधा_घंटाळी

चर्चा खूप उद्बोधक झाली, पण काकांनी विचारलेला प्रश्न मागे पडू नये. त्यांनी आता काय करावे?

शर्वरी_बेलापूर

वसुधाताई, आभार. काका, क्रमाने लिहिते.

अब्रुनुकसानीच्या फौजदारी तक्रारीबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा आठवा अपवाद आपल्या बाजूने आहे. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे, अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप अब्रुनुकसानी ठरत नाही. दिवाणी दाव्याबाबत, न्यायिक कामकाजात दिलेल्या साक्षीला मिळणाऱ्या विशेषाधिकाराचा आधार घेता येतो. सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन बोलणे, म्हणून जे पाहिले तेवढेच सांगा. कोरी स्लिप, काउंटरवर भरलेला आकडा आणि पायरीवर दिलेली रोकड ही आपली साक्ष आहे. वकिलांनी पैसे खाल्ले हा निष्कर्ष समितीसाठी सोडा. बाहेर, विशेषतः सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, या विषयाचा एक शब्दही लिहू नका, कारण तेथे हा आठवा अपवाद मदतीला येत नाही.

नोटिशीविषयी भ्रम नको. कायदेशीर दावा लावण्याचा इशारा हा एरवी गुन्हा ठरत नाही. खोटी साक्ष देण्यासाठी शरीर, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी दिली, तर न्याय संहितेचे कलम २३२ लागते आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साक्ष देऊच नये म्हणून बेकायदेशीर इजेचा धाक घातला, तर कलम ३५१ चा विचार होतो. तसे काही घडले, कोणी घरी आले किंवा फोन आला, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि प्रत समितीला पाठवा.

आपल्या वयाचे कारण देऊन शपथपत्रावर साक्ष घ्यावी आणि उलटतपासणीसाठी ठाण्यातच कमिशन नेमावे, असा अर्ज करा. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये दोन्ही अधिकार आहेत.

नौपाडेकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शर्वरीताई, एक शंका राहते. त्या भगिनी थकल्या आहेत. पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या, असा निरोप त्यांना आला आहे. त्यांनी मान्य केले तर माझी साक्ष होणार की नाही?

शर्वरी_बेलापूर

पैसे परत घेणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्यांनी ते अवश्य घ्यावेत, मात्र बँकेमार्फत. परंतु भारतीय वकील परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या) नियमांनुसार केवळ तक्रार मागे घेतली, तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे जायचे नाही, या कारणावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही. समितीला आवश्यक वाटले तर ती आपल्याला तेव्हाही बोलावेल. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३६ब नुसार राज्य बार कौन्सिलने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल द्यायचा असतो, नाहीतर प्रकरण भारतीय परिषदेकडे वर्ग होते. त्यामुळे तक्रार केव्हा दाखल झाली ते पाहा. प्रकरण दिल्लीकडे गेले, तर ठाण्यात कमिशन मागण्याचा आपला अर्ज आणखी महत्त्वाचा ठरेल.

नौपाडेकर (धागाकर्ता)

तक्रार मार्चमध्ये दाखल झाली आहे. अर्ज आणि शपथपत्राचा मसुदा या रविवारी करतो. पत्ता उघड न करण्याची विनंतीही त्यात घालतो आणि नोटिशीची प्रत जोडतो.

वसुधा_घंटाळी

काका, त्या अर्जात साक्षीदारांना वेगळे बसवण्याची मागणीही अवश्य घाला. आणि तारखेला फोर्टला जावेच लागले, तर मी आपल्यासोबत येईन.